‘मूल्यांवर जगा’ म्हणत माझ्याकडून १,१८,००० रुपये कसे काढून घेतले

मी नाशिकची. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात परचेस विभागात १३ वर्षांहून जास्त काळ नोकरी करते. २०२४च्या उन्हाळ्यात माझ्यानंतर सहा वर्षांनी लागलेला मुलगा असिस्टंट मॅनेजर झाला आणि मी होते तिथेच राहिले. त्या दिवसांत रात्री झोप लागत नव्हती. मोबाईल चाळताना एक जाहिरात सारखी समोर यायची: ‘करिअर अडकलंय? तुमची मूल्यं ओळखा, बढती आपोआप मागे येईल.’ ९९ रुपयांत दोन तासांचं ऑनलाइन सत्र. हे सगळं मी लिहितेय कारण तीच जाहिरात आता वेगळ्या नावाने आमच्या कॉलनीतल्या मुलींच्या मोबाईलवर येते आहे.

त्या पानावर एक घड्याळ होतं, १५ मिनिटांवरून उलटं धावणारं. वेळ संपली की जागा गेली, असं लिहिलेलं. मी घाईघाईने पैसे भरले. बऱ्याच महिन्यांनी तेच पान पुन्हा उघडलं तर घड्याळ पुन्हा १५ मिनिटांवरच होतं. ऑनलाइन विक्रीत अशी खोटी घाई दाखवायला बंदी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ज्या १३ फसव्या क्लृप्त्यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ही आहे. मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

ऑनलाइन सत्र चांगलं झालं, हे मी कबूल करते. बोलणारा माणूस, ज्याला सगळे ‘सर’ म्हणत, माझ्या मनातलंच बोलत होता. शेवटी त्याने तीन दिवसांच्या निवासी शिबिराची माहिती दिली, फी ७,५०० रुपये. ऑगस्टमध्ये इगतपुरीजवळच्या एका रिसॉर्टवर आम्ही साधारण ८० जण जमलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जे झालं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून उभं राहिलं. प्रत्येकाला एक पिवळं कार्ड दिलं. त्यावर आपल्याला आयुष्यात महत्त्वाची वाटणारी दहा मूल्यं लिहायची, मग एकेक खोडत जायचं, शेवटी तीन ठेवायची. माझी उरली प्रामाणिकपणा, स्वावलंबन आणि मुलीचं शिक्षण. कार्डाच्या मागे प्रत्येकाचं कारण लिहायला सांगितलं. मी वडिलांबद्दल लिहिलं. ते एस.टी.त कंडक्टर होते. ड्युटीवरून आले की तिकिटांचा आणि रोकडीचा हिशोब पै न पै जुळल्याशिवाय जेवायला बसत नसत. लिहिताना मला रडू आलं. शेजारी बसलेल्या बाईंचे यजमान वर्षापूर्वी गेलेले. त्यांना तर हुंदका आवरेना. एक स्वयंसेवक मुलगा त्यांच्या पाठीवर हात ठेवून ‘येऊ द्या, बाहेर येऊ द्या’ म्हणत राहिला. त्याचं मानसशास्त्राचं कसलंही शिक्षण झालेलं नव्हतं, हे नंतर त्यानेच सांगितलं. कार्डं गोळा केली. सर रात्री स्वतः वाचतात, असं आम्हाला सांगण्यात आलं. सत्रं रात्री एकपर्यंत चालली आणि सकाळी साडेपाचला पुन्हा उठवलं.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर आम्हाला एकेकाला टेबलावर बोलावलं. समोर एक तरुण मुलगी बसली होती, आणि तिच्या हातात माझं पिवळं कार्ड होतं. एक वर्षाचा ‘गोल्ड’ कार्यक्रम, १,००,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी. दर आठवड्याला सरांशी वैयक्तिक बोलणं, मोठ्या कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांशी ओळखी, सहा महिन्यांत बढती किंवा नवी नोकरी. मी म्हटलं, रक्कम मोठी आहे, घरी बोलून सांगते.

ती कार्डाकडे बघत म्हणाली, “ताई, तुम्ही स्वावलंबन लिहिलंय. मग स्वतःच्या करिअरचा निर्णय घ्यायला मिस्टरांची परवानगी का लागते?”

मी गप्प झाले. तिने कार्ड उलटलं. “तुमचे बाबा रोजचा हिशोब मिटवल्याशिवाय जेवायचे नाहीत. तुम्ही १३ वर्षांचा हिशोब बाकी ठेवून बसलात. मुलगी हेच शिकणार ना तुमच्याकडून?”

याला काय उत्तर देणार होते मी? तिचा एकही शब्द तिचा स्वतःचा नव्हता, सगळे माझेच होते. आदल्या दिवशी विश्वासाने, रडत लिहिलेले. नवऱ्याला फोन लावणं म्हणजे स्वतःच्याच मूल्याशी बेइमानी, असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं. ‘नो कॉस्ट ईएमआय आहे, खिशाला कळणारही नाही’ म्हणत तिने टॅब पुढे सरकवला. आधार, पॅन, सेल्फी, मग एक ओटीपी, मग दुसरा. दहा मिनिटांत माझ्या नावावर कर्ज झालं. महिना ९,८३३ रुपये, १२ हप्ते.

इथे एक गोष्ट समजून घ्या, मला ती फार उशिरा कळली. असा ईएमआय म्हणजे कर्ज. कर्ज देणारी कंपनी वेगळी असते, ती शिबिरवाल्यांना एकरकमी पैसे देऊन मोकळी होते आणि हप्ते आपल्याकडून वसूल करते. म्हणजे शिबिरवाल्यांचा व्यवहार पहिल्याच दिवशी पूर्ण झाला. पुढे त्यांनी शिकवलं काय, न शिकवलं काय, हप्ता आमच्या खात्यातून जाणारच. दुसरा ओटीपी हप्ता आपोआप कापण्याच्या मंजुरीचा होता. तो थांबवला तर बाउन्सचा दंड लागतो आणि सिबिल स्कोअर खाली येतो.

कार्यक्रमाबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. वैयक्तिक बोलणं म्हणजे दोनशे लोकांचा झूम कॉल. सर दोनदा दिसले. माझा ‘मेंटॉर’ चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा होता, त्याने परचेसचं कामच काय, कारखानाही आतून बघितलेला नव्हता. अधिकाऱ्यांच्या ओळखी म्हणून एक व्हॉट्सअॅप ग्रुप मिळाला, त्यात सगळे आमच्यासारखेच.

तिसऱ्या महिन्यात खरा विषय निघाला. ‘देणं हेसुद्धा मूल्य आहे, तुम्हाला मिळालं ते जवळच्यांना द्या.’ एक माणूस आणला की ५,००० रुपये. मी माझ्या मामेबहिणीला गळ घातली. ती सिन्नरला असते, शिलाईचं काम करते. माझ्या शब्दावर तिने ५९,०००चा ‘सिल्व्हर’ घेतला. मला कोणी भरीस घातलं म्हणून मी फसले, पण तिला मी भरीस घातलं, आणि त्याचे ५,००० रुपये माझ्या खात्यात आले. ते मी तिला परत दिले.

जानेवारी २०२५मध्ये मी पैसे परत मागितले. उत्तर आलं, फी परत मिळत नाही, अटींमध्ये लिहिलं आहे. फोनवर वेगळं ऐकवलं गेलं: ‘दिलेला शब्द मोडणं तुमच्या मूल्यात बसतं का, ताई?’ तेव्हा मात्र माझे डोळे उघडले. त्या संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “अगं, एक फोन करायचास.”

मग जे केलं ते लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल. प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. कंपनीने ‘सेवा दिली आहे’ म्हणून हात झटकले. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागितली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्याच आयोगात तक्रार करता येते. कंपनी बंगळुरूची का असेना, मला नाशिकच्या बाहेर जावं लागलं नाही. आपण सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. आयोगापुढे माझ्याकडे ठेवायला होतं ते म्हणजे व्हॉट्सअॅपवरचे संदेश आणि ‘सहा महिन्यांत बढती’ लिहिलेल्या पत्रकाचा फोटो. टेबलावरचं बोलणं कुठेच नोंदलेलं नाही. तुम्ही अशा टेबलावर बसलात तर जे तोंडी सांगतात ते तिथेच लिहून मागा.

कर्जाबाबत आणखी एक. ऑनलाइन कर्ज घेतल्यावर विचार बदलण्यासाठी एक मुदत मिळते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. किती दिवसांची ते कर्ज देणारी कंपनी ठरवते, पण किमान एक दिवस द्यावाच लागतो. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरलं की दंड न लागता कर्ज मिटवता येतं. ओटीपी देण्याआधी कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता दाखवणंही बंधनकारक आहे. टॅबवर तो बहुधा आलाही असेल; त्या मुलीचं बोट पान सरसर पुढे सरकवत होतं.

माझा सगळ्या कोचवर राग नाही. पण आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला सरकारी परवाना लागत नाही, कुणीही उद्यापासून होऊ शकतं. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनसारखी संस्था प्रमाणपत्र देते, आणि तिच्या पहिल्या पायरीलाही किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो. कोण प्रमाणित आहे ते तिच्या संकेतस्थळावर शोधता येतं. मी हे दोन मिनिटांत तपासू शकले असते. शिकायचंच होतं तर आमच्या नाशकातच १९८९पासून मुक्त विद्यापीठ आहे, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी. आणि ज्याला मूल्यं, दुःख, आईवडील यांबद्दल मोकळेपणी बोलायची गरज आहे, त्याच्यासाठी सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे, १४४१६. तिथे तुमचं कार्ड उद्या कुणी विक्रीच्या टेबलावर ठेवणार नाही.

शेजारी रडणाऱ्या त्या बाईंचा नंबर माझ्याकडे होता. परवा फोन केला. यजमानांच्या विम्याच्या पैशांतून त्यांनी पूर्ण रक्कम एकदम भरली होती. त्या म्हणाल्या, “मला वाटलं, चूक माझीच.” आता त्यांची तक्रार आम्ही दोघी मिळून लिहितो आहोत.

माझं प्रकरण अजून चालू आहे. मध्ये कंपनीने ३५,००० देऊ केले, अट अशी की कुठेही काही लिहायचं नाही. मी नाही म्हणाले. मामेबहिणीची गोष्ट वेगळी. तिचे हप्ते ४,९१७चे. ती मागत नव्हती, उलट “राहू दे ताई, मी भरते” म्हणायची. पण मी तो कार्यक्रम सोडायचं ठरवलं त्या महिन्यापासून दर ४ तारखेला तिच्या खात्यात हप्ता टाकत आले, ५ला कापला जाण्याआधी.