'हॅव मेड' की 'हॅव बीन मेकिंग': एका चप्पलवाल्याचा कौल

इंग्रजी मेलमध्ये प्रेझेंट परफेक्ट ('हॅव मेड') वापरायचा की त्याचा कंटिन्युअस भाऊ ('हॅव बीन मेकिंग'), यावर मी बरेच दिवस दोन्हीकडे उड्या मारल्या. धंदा कोल्हापुरी चपलांचा, थोडं गिऱ्हाईक परदेशातलं. म्हणजे चूक झाली की मार्क नाही, ऑर्डर जाते. थर्ड फॉर्म कुठे आणि आयएनजी कुठे, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

आपल्याला कंटिन्युअस जवळचा वाटतो. 'जूनपासून करतोय' हे आपलं रोजचं बोलणं. त्यातून आधी 'वी आर मेकिंग सिन्स ज्यून' येतं, कुणीतरी हसतं, मग आपण मध्ये 'हॅव बीन' घालतो आणि निर्धास्त होतो. मीही झालो होतो.

एका पावसाळ्यात गिऱ्हाइकाला लिहिलं, 'वी हॅव बीन मेकिंग युवर पेअर्स सिन्स ज्यून.' मला म्हणायचं होतं, बाबा, हात चालू आहेत. उत्तर आलं: बरं, पण झाले किती? मी पुन्हा 'हॅव बीन स्टिचिंग, हॅव बीन ऑइलिंग' असं पाल्हाळ लावलं. पुन्हा तोच प्रश्न, आता जरा चिडून. चार मेल असेच गेले. मग डोक्यात शिरलं, मी त्याला कष्ट सांगतोय आणि तो जोड मोजतोय. कंटिन्युअस काम चाललंय एवढं सांगतो. संपलं का, किती झालं, यावर तोंड उघडत नाही. आकडा तर त्याला पचतच नाही. 'हॅव बीन मेकिंग ट्वेंटी-सिक्स पेअर्स' म्हणून बघा, इंग्रजीत मुरलेला माणूस अडखळतो. पाचव्या मेलमध्ये एकच ओळ टाकली, 'वी हॅव मेड ट्वेंटी-सिक्स पेअर्स.' विषय मिटला.

म्हणून कंटिन्युअस मोडीत काढा असं नाही. आमचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, कोल्हापूरच्या जुलैत ते वाळायचं नाव घेत नाही. तिथे 'इट हॅज बीन रेनिंग फॉर टेन डेज' हेच शोभतं, पाऊस अजून डोक्यावर आहे हे त्यातच येतं. किंवा डंकावरून चटणी कुटून आलात आणि डोळे लाल आहेत: 'आय हॅव बीन पाउंडिंग चिलीज.' चटणी पूर्ण झाली की नाही हे तिथे कुणी विचारत नाही, डोळेच सांगतात.

'लिव्ह' आणि 'वर्क' यांवर डोकं शिणवू नका, 'फॉर टेन इयर्स' म्हणायचं असेल तर दोन्ही चालतात. ओळखणं, मालकीचं असणं अशा क्रियापदांना मात्र आयएनजी नको. 'आय हॅव बीन नोइंग हिम' मी एकदा चारचौघांत बोलून बसलोय.

माझ्या आवडत्या साध्या परफेक्टलाही एक खोड आहे. 'काल पाठवलंय' मराठीत खपतं, म्हणून 'वी हॅव सेंट इट यस्टरडे' सहज हातून जातं. इंग्रजीत संपलेली वेळ नेमकी सांगितली की 'हॅव'ला जागा नाही. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालं, तर 'गॉट इट इन २०१९', 'हॅज गॉट' नव्हे. ही चूक अजूनही होते माझ्याकडून, पण निदान गिऱ्हाइकाला अर्थ कळतो.

वसुलीत तर प्रयोग नकोच. 'वी हॅव नॉट रिसीव्ह्ड द पेमेंट' म्हणजे पैसे अजून आले नाहीत. 'हॅव नॉट बीन रिसीव्हिंग' म्हटलं की तुम्ही दर वेळी बुडवता असा सूर लागतो.

तुमचं काम निराळं असेल तर कलही निराळा असू शकतो. मी मेल पाठवण्याआधी 'बीन' शोधतो, आणि सापडलं की स्वतःला विचारतो, समोरच्याला 'किती दिवस' हवंय की 'किती'? बहुतेक वेळा 'किती'च निघतं.