एक रात्र जुन्या बोटीवर: 'क्वीन मेरी' की 'रॉटरडॅम'?

दोन्ही बोटी आता धक्क्याला कायमच्या बांधलेल्या आणि दोन्हींचं हॉटेल झालेलं, त्यामुळे बोट लागायची भीती नाही. एकीसाठी कॅलिफोर्नियात लाँग बीचला जावं लागतं, दुसरीसाठी नेदरलँड्समध्ये रॉटरडॅम शहरात. मी दोन्हींवर मुक्काम केलाय.

थाटात 'क्वीन मेरी'ला तोड नाही. 1936 सालची बोट, तऱ्हेतऱ्हेच्या लाकडांनी मढवलेली दालनं. माझ्या न्हाणीघरात चार जुने नळ होते: गोडं गरम, गोडं गार, खारं गरम, खारं गार. आता ते शोभेपुरतेच, पण मी दहा मिनिटं ते फिरवत बसलो.

मला वेड प्रवाशांच्या आकड्यांचं. सुरुवातीला या बोटीवर वरच्या वर्गात 776, टुरिस्टमध्ये 784 आणि तिसऱ्या वर्गात 579 जणांची सोय होती. डोकी मोजली तर फारसा फरक नाही, जागेत मात्र जमीन-अस्मानाचा. हेलकावे कमी बसतात तो मधला भाग वरच्यांना. टुरिस्ट मागे, बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यांच्या थरथरीवर. तिसरा वर्ग पुढे नाळेकडे, लाटा आदळतात तिथे. बोटीचं डोलणं कमी करणारे स्टॅबिलायझर बसले थेट 1958 साली, तोवर तिला बावीस वर्षं झाली होती.

त्या 579 जणांची जागा मला बघायची होती. सकाळभर शोधली, मिळाली नाही. 1967 नंतर हॉटेल करताना खालच्या वर्गांचं बहुतेक सगळं काढून टाकलं, आणि खोल्या केल्या त्या मुख्यतः पहिल्या वर्गातल्या. म्हणजे इथे जो झोपतो तो साहेबच! दुसऱ्या कुणाला ही उणीव जाणवणारही नाही कदाचित. मला मात्र ती शेवटपर्यंत सलत राहिली.

'रॉटरडॅम' 1959ची, 1,456 प्रवाशांची, वर्ग दोनच. बाहेरून जरा विचित्र दिसते. मधोमध धुराडं नाही, मागे दोन बारीक नळकांडी. पण वर्गांची वाटणी इथे उभी नाही, आडवी: डेक एकाआड एक. आणि मधला जिना म्हणजे कमाल. एकाच पोकळीत दोन जिने एकमेकांत गुंफलेले, ज्याचा त्याचा वेगळा. अटलांटिकच्या वारीला मध्ये सरकती दारं लावायची, सहलीला निघाली की उघडायची, की सगळी बोट एकाच वर्गाची. आपल्या लोकलमध्ये फर्स्ट आणि सेकंडच्या मधली भिंत अशी सरकवता आली असती तर!

आम्ही करून बघितलं. ही एका जिन्याने चढली, मी दुसऱ्या. तिच्या चपलांचा आवाज अगदी कानाशी येत होता, पण ती काही दिसेना.

मधुचंद्राला निघालेल्यांनी खुशाल 'क्वीन मेरी' घ्यावी, मी अडवणार नाही. बाकीच्यांनी आधी रॉटरडॅमचं तिकीट बघावं, आणि जाताना जिना चढायला कुणीतरी सोबत न्यावं.