'एनईपी रेडी' ट्रेनिंग पॅकेज: शाळेने पैसे टाकायच्या आधी हे वाचा

मी नाशिकच्या एका सीबीएसई शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. नवीन अभ्यासक्रमाची तयारी म्हणून आमच्या मॅनेजमेंटने एका खाजगी कंपनीचं 'एनईपी रेडी', म्हणजे नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणासाठी (एनईपी) शाळेची तयारी करून देणारं पॅकेज घेतलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण सध्या अशा बऱ्याच कंपन्या शाळा-शाळा फिरतायत आणि ब्रोशर बघाल तर सगळ्यांचं एकसारखंच. आता स्टेट बोर्डातही 2025-26 पासून पहिलीला नवीन सुरू झालंय, बाकीचे वर्ग टप्प्याटप्प्याने 2028-29 पर्यंत येणार, त्यामुळे तिकडच्या मैत्रिणींचे सारखे फोन, 'अगं तुमच्याकडे ते आले होते ना, कसं होतं?' म्हणून एकदाच लिहून टाकते. 5 पैकी 2 स्टार, तेही एका माणसामुळे.

मिळतं काय तर दोन दिवसांचं ट्रेनिंग, एक ॲक्टिव्हिटी किट, रिपोर्ट कार्डचं सॉफ्टवेअर आणि गेटवर लावायला शाळेच्या नावाचा फ्लेक्स. यातली सगळ्यात टिकाऊ वस्तू म्हणजे फ्लेक्स, दोन पावसाळे काढले तरी अजून रंग शाबूत आहे.

पहिला दिवस जवळजवळ पूर्ण वाया. शाळेची वर्षं 5+3+3+4 अशा टप्प्यांत वाटणारा धोरणातला आकृतिबंध लंच ब्रेकपर्यंत ताणला. अहो, धोरण आलं जुलै 2020 ला, शालेय शिक्षणाचा आराखडा 2023 ला, एनसीईआरटीची तिसरी आणि सहावीची नवी पुस्तकं 2024 च्या वर्षापासून आणि चौथी, पाचवी, सातवी, आठवीची 2025 पासून, आमच्या मांडीवर ती पुस्तकं उघडी होती आणि यांच्या स्लाइडवर जुन्या पुस्तकांची कव्हरं! आमच्या एसएसटीच्या (सामाजिक शास्त्रांच्या) मॅडमनी सरळ विचारलं की सर, आधी इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र अशी तीन पुस्तकं होती, आता पाच थीमचं एकच पुस्तक आहे, आमच्याकडे इतिहासाच्या आणि भूगोलाच्या टीचर वेगवेगळ्या आहेत, मग पिरियड कोणी घ्यायचे आणि पेपर कोणी काढायचा? उत्तर काय, तर 'इंटिग्रेटेड ॲप्रोच ठेवा मॅडम.' झालं, पुढची स्लाइड. शेवटी दोघींनी स्टाफरूममध्ये बसून धडे थीमप्रमाणे वाटून घेतले आणि टाइमटेबलवाल्या सरांकडून पिरियड अदलाबदल करून घेतले. पुस्तक बदललं की शाळेत पहिला घोळ होतो तो टाइमटेबलचा, त्यावर पूर्ण पॅकेजमध्ये चकार शब्द नाही.

रिपोर्ट कार्डचं सॉफ्टवेअर म्हणजे तर कहर. समग्र प्रगती पत्रकात मुलाने स्वतःबद्दल भरायचं असतं, वर्गमित्राने त्याच्याबद्दल भरायचं असतं, पालकांचंही मत असतं, मूळ कल्पनाच ती आहे. यांच्या एक्सेल शीटमध्ये 'मित्राचे मत' असा कॉलम आहे आणि तो टीचरने ड्रॉपडाउनमधून भरायचा, 'मदत करतो', 'छान मित्र आहे', 'अजून प्रयत्न हवेत', तीनच पर्याय. म्हणजे चाळीस मुलांचे चाळीस मित्र मीच! मी विचारलं की मुलांना कागद देऊन लिहून घेतलं तर कुठे टाकायचं, तर म्हणे तसं ऑप्शन नाही, नेक्स्ट व्हर्जनमध्ये येईल. आम्ही आता मुलांकडून कागदावरच भरून घेतो आणि फाइलला लावतो.

किटबद्दल थोडक्यात. सहावीच्या 'कौशल बोध' या कौशल्यांच्या पुस्तकामध्ये वर्षाला तीन प्रोजेक्ट करायचे असतात, एक सजीवांशी संबंधित, एक यंत्र-साहित्याशी आणि एक माणसांना सेवा देण्याच्या कामाशी. त्यात शाळेतल्या परसबागेचा प्रोजेक्ट आहे आणि त्यासाठी किटमध्ये निघाली प्लॅस्टिकची रोपं. जास्त काही बोलत नाही. आमच्या शिपाईकाकांनी स्वतःच्या घरून मेथी-कोथिंबिरीचं बी आणून दिलं, त्यावर प्रोजेक्ट झाला, मुलांनी भाजी डब्यातही नेली.

आता ते दोन स्टार कशाचे. दुसऱ्या दिवशी दुपारी गणिताला एक रिटायर्ड सर आले होते, पीपीटी नाही, हातात फक्त 'गणित प्रकाश' हे सहावीचं नवं पुस्तक आणि खडू. आल्या आल्या म्हणाले, तिसरा धडा उघडा, कुठलाही चार अंकी आकडा सांगा. कोणीतरी म्हणालं 2024. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. 4220 वजा 0224, आले 3996. परत तेच, 6264. परत, 4176. परत, 6174. आता पुढे करा म्हणाले, तर परत 6174 च! मराठीच्या मॅडमसुद्धा वही काढून आपापला आकडा घेऊन बसल्या. आणि हा आकडा शोधला कोणी तर आपल्या इथल्या देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांनी, ते पुस्तकात आहे, आमच्या शाळेपासून देवळाली किती लांब ते मुलांना सांगायची गरजच नाही. पण सरांचा खरा मुद्दा पुढे होता. म्हणाले, वजाबाकीचा सराव हवाय ना तुम्हाला, मग बघा मुलांनी न सांगता किती वजाबाक्या केल्या, आता वर्कशीट कमी करा आणि सगळे अंक सारखे घेतले तर काय होतं ते त्यांनाच शोधू द्या. मग 'द अदर साइड ऑफ झिरो' या धड्यावर आले, तिथे वर-खाली जाणारी लिफ्ट घेऊन ऋण संख्या शिकवायच्यात, त्यासाठी त्यांनी जिन्याच्या पायऱ्यांवर खडूने आकडे लिहायला लावले. आमच्या पायऱ्यांवर ते आकडे अजून आहेत, पुसले की मुलंच परत लिहितात.

तर पॅकेज घेऊ नका. दीक्षा या सरकारी पोर्टलवरचे 'निष्ठा' हे शिक्षक प्रशिक्षणाचे कोर्स फुकट आहेत, पुस्तकांच्या पीडीएफ एनसीईआरटीच्या साइटवर फुकट आहेत, त्यापेक्षा मॅनेजमेंटकडे आठवड्यातून एक मोकळा पिरियड मागा जिथे एका विषयाच्या टीचर एकत्र बसून पुढचा धडा आधी स्वतः सोडवून बघतील. आणि मॅनेजमेंट ऐकतच नसेल, घ्यायचंच म्हणत असेल, तर फक्त विषयवार सेशन द्या म्हणून सांगा, ते लोक देतात पण स्वतःहून बोलत नाहीत. जीएसटी वेगळा लावतात, तेवढं कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्या.