दुरुस्ती करावी की नवे घ्यावे? बिघडलेल्या घरगुती उपकरणांचा तुलनात्मक आढावा

जुने उपकरण बंद पडले की घरात हमखास दोन मते पडतात आणि दोन्ही बाजू उपकरणाच्या वयावरूनच वाद घालतात. माझ्या मते वय हा या निर्णयातला दुय्यम मुद्दा आहे. नेमका कोणता भाग बिघडला आहे आणि ते उपकरण दिवसातून किती तास वीज घेते, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की बहुतेक वेळा पारडे कोणत्या बाजूला झुकते ते स्पष्ट होते.

दुरुस्तीचा खर्च नव्या उपकरणाच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक असेल आणि जुन्याचे अपेक्षित आयुष्यही निम्म्याहून अधिक सरले असेल, तर नवे घ्यावे, असा एक ढोबळ नियम सांगितला जातो. तो सोपा आहे, पण दुरुस्तीनंतर ते उपकरण आणखी किती वर्षे चालेल, याचा हिशेब त्यात नाही. त्यापेक्षा खर्च वर्षांनी भागून पाहावा. समजा, दुरुस्तीला नव्या किमतीच्या ३० टक्के खर्च येतो आणि त्यानंतर उपकरण ३ वर्षे चालण्याची आशा आहे. म्हणजे दरवर्षी १० टक्के. नवे उपकरण १० वर्षे चालणार असेल, तर त्याचाही वार्षिक भार १० टक्केच येतो. निम्म्याच्या नियमानुसार जी दुरुस्ती स्वस्त वाटली, ती येथे जेमतेम बरोबरीत सुटते. तीच दुरुस्ती ५ वर्षे टिकणार असेल, तर भार ६ टक्क्यांवर येतो आणि नवे घेण्याचे कारण उरत नाही.

फ्रीजच्या बाबतीत हा विचार सर्वाधिक काळजीने करावा लागतो, कारण तो चोवीस तास वीजजोडणीवर असतो. त्याचे बिघाड दोन प्रकारांत मोडतात. कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) सुरू करून देणारा रिले, त्याला जास्त तापण्यापासून वाचवणारा ओव्हरलोड, थर्मोस्टॅट, पंखा, दाराचे रबर आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमधील बर्फ वितळवणारा हीटर हे भाग गॅसच्या नळ्यांना हात न लावता बदलता येतात व कॉम्प्रेसरच्या तुलनेत स्वस्त असतात. वरचा कप्पा गार राहतो आणि खालचा गार होत नाही, अशी तक्रार असली की 'गॅस गेला' असे निदान झटकन केले जाते. प्रत्यक्षात अनेकदा हा हीटर किंवा त्याचे नियंत्रण बिघडल्यामुळे आतल्या कॉइलवर बर्फ साचून हवेची वाट बंद झालेली असते. कॉम्प्रेसर सुरू होताना नुसता 'टक्' आवाज येऊन थांबत असेल, तर तो जळाला असे मानण्यापूर्वी रिले तपासून घ्यावा. असे बिघाड असतील, तर फ्रीज बराच जुना असला तरी दुरुस्तीच सरस ठरते.

गॅसचे वर्तुळ मात्र पूर्ण बंदिस्त असते आणि त्यातील वायू वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे, हे निश्चित. ती शोधून बुजवल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तोच खर्च पुन्हा ओढवून घेणे. गळती बाहेरच्या उघड्या नळीला असेल, तर दुरुस्ती शक्य आहे. ती भिंतीतील फोमच्या आत असेल, तर नवा फ्रीज घेणेच शहाणपणाचे. अलीकडच्या अनेक फ्रीजमध्ये आर-६०० ए, म्हणजे आयसोब्युटेन, हा ज्वलनशील वायू असतो. त्याचे काम प्रशिक्षित माणसाशिवाय कोणालाही देऊ नये.

विजेच्या बाजूने पाहता जुना फ्रीज दिवसाला अडीच युनिट घेत असेल आणि तेवढ्याच क्षमतेचा नवा एक युनिट घेणार असेल, तर वर्षाला सुमारे ५५० युनिटांचा फरक पडतो. तो आपल्या वीजदराने गुणून वरच्या वार्षिक हिशेबात मिळवावा. बरोबरीत सुटलेला सामना इथे नव्याच्या बाजूने फिरू शकतो. मात्र जुन्याचा खप अंदाजाने धरू नये. मागच्या कॉइलवरची धूळ झाडून आणि सैल झालेले रबर बदलून, मग प्लगला लावायच्या वीजमापकाने दोन-तीन दिवस मोजावे. नवा फ्रीज जुन्यापेक्षा मोठा घेतला, किंवा जुना 'असू दे' म्हणून दुसऱ्या खोलीत चालूच ठेवला, तर ही बचत कागदावरच राहते. जुना काढून टाकतानाही तो तसाच तोडू देऊ नये, कारण त्यात आर-१३४ ए हा गार करणारा वायू असेल, तर हवेत सुटलेला तो वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ घडवतो.

वॉशिंग मशीनचे गणित वेगळे आहे. तिच्या विजेचा मोठा वाटा पाणी तापवण्यात जातो, त्यामुळे गार पाण्यात कपडे धुणाऱ्या घराला नव्या मशीनमुळे विजेत फारसा लाभ होत नाही. पाण्याची टंचाई असेल आणि जुनी मशीन वरून कपडे घालण्याची असेल, तर समोरून उघडणारी मशीन पाणी वाचवते, हा मुद्दा मात्र नव्याच्या बाजूने खरा आहे. ड्रेन पंप (पाणी बाहेर टाकणारा), इनलेट व्हॉल्व्ह (पाणी आत सोडणारा), बेल्ट, दाराचे लॉक हे बिघाड निःशंकपणे दुरुस्त करावेत. पिळताना घरघर वाढत गेली असेल, तर बेअरिंग झिजलेले असते. तेथे बाहेरचा टब स्क्रूने जोडलेला आहे की कायमचा चिकटवलेला, हे आधी विचारावे. चिकटवलेला असेल, तर त्या छोट्याशा बेअरिंगसाठी बहुधा सगळा टबच बदलावा लागतो आणि खर्च नव्या मशीनच्या दिशेने सरकतो.

गिझरमध्ये कॉइल किंवा थर्मोस्टॅट गेला असेल, तर दुरुस्ती. टाकीच गंजून गळत असेल, तर नवा. यात फार विचार करण्यासारखे काही नाही. मायक्रोवेव्ह दिवसाला काही मिनिटेच चालतो, म्हणून वीजबचतीसाठी तो बदलण्यात अर्थ नाही. पण मॅग्नेट्रॉन, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारा भाग, गेला असेल, तर दुरुस्तीचा खर्च नव्याच्या बराच जवळ जातो. त्यातील कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, प्लग काढल्यानंतरही घातक विद्युतभार राहू शकतो, म्हणून तो घरी उघडून पाहू नये.

सर्वांत अवघड निर्णय यंत्राचे नियंत्रण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा असतो. अनेकदा बोर्डावरचा एखादा रिले किंवा कपॅसिटरच गेलेला असतो, पण सेवा केंद्रे सहसा अख्खा बोर्डच बदलतात. पाच-सहा वर्षांच्या चांगल्या यंत्रासाठी केवळ बोर्ड दुरुस्त करणारा कारागीर शोधण्याची खटपट करावी. मात्र विजेच्या दाबातील चढउतारामुळे तो गेला असेल, तर ते कारण दूर केल्याशिवाय नवा बोर्डही टिकणार नाही. कॉम्प्रेसर किंवा बोर्ड बदलण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या मेकॅनिककडून निदान पडताळून घ्यावे, बदललेला जुना भाग परत मागावा आणि नव्या भागाची हमी किती महिन्यांची आहे, हे पावतीवर लिहून घ्यावे.