महिकावतीच्या बखरीचे पुनर्मुद्रण: प्रस्तावनेसाठी घ्यावे, शकांसाठी नव्हे

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे नाव घेतले की ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड डोळ्यांसमोर येतात आणि सामान्य वाचक तिथूनच मागे फिरतो. त्याला दोष देता येत नाही, कारण ते खंड अभ्यासकाने टेबलावर उघडे ठेवून वापरायचे आहेत, सलग वाचायचे नव्हेत. राजवाड्यांचे एकच पुस्तक वाचायचे असेल, तर मी ‘महिकावतीची बखर’ सुचवीन. ती त्यांनी १९२४ साली, म्हणजे मृत्यूच्या दोनच वर्षे आधी, संपादून प्रसिद्ध केली. अलीकडे तिची पुनर्मुद्रणे सहज मिळतात. त्यांपैकी एक मी विकत घेतले आणि हे परीक्षण त्याच प्रतीचे आहे. प्रकाशकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेले दोष या एकाच प्रकाशनसंस्थेचे आहेत असे मला वाटत नाही.

महिकावती म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील केळवे-माहीम. ही बखर सहा प्रकरणांची असून ती एका हाताने किंवा एका काळात लिहिलेली नाही. तिचा जुना गाभा केशवाचार्याने शके १३७० मध्ये, म्हणजे इ. स. १४४८ च्या सुमारास रचला. मालाडचा देसला, म्हणजे वतनदार, नायकोराव याला देवीने दृष्टान्त दिला, लोकांना एकत्र करून महाराष्ट्रधर्म सांगण्याची आज्ञा केली आणि त्यातून हे लेखन झाले, असे बखरच सांगते. प्रतापबिंब राजाचे उत्तर कोकणात येणे, त्याच्याबरोबर आलेली सहासष्ट कुळे, गावोगावची वतने आणि पुढे मुसलमानी अंमल असा सारा पट तिच्यात आहे. वसई, साष्टी आणि ठाणे परिसरातल्या पाठारे, पाचकळशी आदी ज्ञातींची मंडळी आजही आपल्या कुळाचा ठाव याच बखरीत शोधतात आणि पुनर्मुद्रणांना गिऱ्हाईक मिळते ते बहुधा त्यामुळेच.

माझ्या मते मात्र पुस्तकाचे मोल राजवाड्यांच्या प्रस्तावनेत आहे. आरंभी ते कोणते प्रकरण कोणाचे, कधीचे आणि एकात दुसरे कसे मिसळले याची चिरफाड करतात. मूळ मजकुराची भाषा, त्यातले शक आणि वंशावळींतली विसंगती एकमेकांवर घासून ते काळ ठरवतात. ही पाने थोडी रुक्ष आहेत, पण ती गाळू नयेत, कारण पुढच्या भरारीचा पाया इथेच घातलेला आहे. त्यानंतर कातकरी, वारली, ठाकूर, कोळी यांच्यापासून पुढे उत्तर कोकणात कोण कोणत्या क्रमाने वसले हा प्रश्न येतो आणि मग सर्वांत धारदार भाग सुरू होतो: राजे बदलले, धर्म बदलणारे सत्ताधीश आले, तरी गावकरी हलला कसा नाही? राजवाड्यांचे उत्तर असे की, या भूमीत अन्न इतके मुबलक होते की सरकार नावाच्या संस्थेची गावाला गरजच भासली नाही. देशी असो वा परकी, प्रत्येक सरकार त्याला पोट भरायला आलेल्या चोरांच्या टोळीसारखेच वाटले. हे उत्तर पुरते पटणारे नाही. दुष्काळांचा इतिहास त्याच्या आड येतो. परंतु आयुष्यभर मराठी सत्तेचे कागद जमवणारा माणूस साठीच्या घरात आल्यावर सत्तेलाच इतका निर्मम प्रश्न विचारतो, हे वाचताना पुस्तक खाली ठेववत नाही.

या माणसाची ओळख करून देणारी टिपणीही आवृत्तीत आहे. पण ती दोन पानांची स्तुती आहे. १८६३ चा जन्म, तरुणपणीच आलेले विधुरत्व, पुन्हा लग्न न करता दप्तरांच्या शोधात घालवलेले आयुष्य, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना, अखेरचा काळ धुळ्यात, १९२६ च्या ३१ डिसेंबरला तिथेच मृत्यू आणि धुळ्यात त्यांच्या नावाने उभे राहिलेले संशोधन मंडळ: एवढे सांगितले आहे. त्यांनी संशोधनाचे लेखन मराठीतच करण्याचा जो आग्रह धरला, त्याचा एका ओळीत उल्लेख आहे. त्यांची पद्धत मात्र कोठेच सांगितलेली नाही. शिवकालीन पत्रांच्या प्रस्तावनेत त्यांनी शब्द मोजून दाखवले होते: १६२८ च्या पत्रात २३६ पैकी २०२ शब्द फारसी, १६७७ मध्ये १३६ पैकी ५१ आणि १७२८ मध्ये १२७ पैकी अवघे ८. अवघ्या तीन पत्रांवरून शतकाचे अनुमान काढणे आज कोणी मान्य करणार नाही, पण मत देण्याआधी मोजायला बसणारा हा संशोधक टिपणीत दिसायला हवा होता.

आता मुख्य तक्रार. ज्याने कागदातल्या एकेका अक्षरासाठी भांडणे केली, त्याच्या पुस्तकात शकांचे आकडे चुकीचे छापावेत हे अक्षम्य आहे. माझ्या प्रतीत केशवाचार्याचा शक एका पानावर १३७० आणि दुसऱ्या पानावर १३०७ आहे. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन काढणारा वाचक तेवढ्या दोन आकड्यांच्या अदलाबदलीने त्रेसष्ट वर्षे मागे जातो. मूळ बखरीतले काही जुने शब्दरूप ‘शुद्ध’ केल्याचा संशय येतो, आणि तसे असेल तर राजवाड्यांनी भाषेवरून केलेले कालनिर्णय वाचकाला पडताळता येणार नाहीत. शेकडो गावांची नावे असलेल्या या पुस्तकाला स्थलनामसूची नाही, कुलनामसूची नाही आणि नकाशाही नाही. कागद बरा आहे, बांधणी पक्की आहे, टंक डोळ्यांना सुखाचा आहे. तेवढ्यापुरते पैसे वसूल होतात.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. आवृत्तीला आजच्या अभ्यासकाची प्रस्तावना नाही. बखरीप्रमाणे प्रतापबिंब शके १०६० च्या सुमारास, म्हणजे इ. स. ११३८ च्या आसपास, उत्तर कोकणात आला. परंतु त्याच काळात तिथे शिलाहार राजघराण्याचे राज्य असल्याचे शिलालेख आणि ताम्रपट आहेत. प्रतापबिंबाची कथा देवगिरीच्या यादवांशी जोडावी की वेगळी धरावी, हाही जुना वाद आहे. यातले काहीच न सांगता शंभर वर्षांपूर्वीचा निष्कर्ष जसाच्या तसा हाती ठेवला, तर कुळाचा अभिमान शोधायला आलेला वाचक तो अंतिम मानून घरी जातो. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफच्या चुका ‘साधनां’च्या पहिल्याच खंडाच्या प्रस्तावनेत दाखवणाऱ्या राजवाड्यांना आपल्यासाठी अशी सवलत नको असती.

तरीही ज्याला राजवाडे कसा विचार करत हे पाहायचे आहे, त्याने ही प्रत अवश्य घ्यावी. आधी प्रस्तावना वाचावी, मग बखर. वसई-पालघरकडच्या वाचकाने स्थानिक नकाशा जवळ ठेवावा, म्हणजे गावे ओळखीची वाटू लागतील. लेखात वा कुलवृत्तान्तात शक उद्धृत करायचा असेल, तर मात्र जुन्या ग्रंथालयात जाऊन १९२४ ची प्रत पाहिल्याशिवाय तो लिहू नये.