सुरयाच्या रक्तातून टेलोमेर: बाणेरच्या लॅबचं काम चोख, अहवाल मात्र जपून वाचा

बाणेर भागातली एक खासगी लॅब सुरयासारख्या (टर्न) समुद्रपक्ष्यांच्या रक्तातून टेलोमेरची, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरच्या, बहुधा वयाबरोबर झिजत जाणाऱ्या डीएनएच्या टोप्यांची, लांबी मोजून देते. नमुने हाताळण्याला पैकीच्या पैकी गुण. अहवालातल्या 'जैविक वय' या रकान्याला शून्य.

पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, त्यामुळे ५ ते १० मायक्रोलिटर रक्तातही भरपूर डीएनए मिळतो. माणसाच्या रक्ताला सरावलेला हात इथे २०० मायक्रोलिटर ओततो. मग डीएनए गाळायच्या नळीत (कॉलममध्ये) चिकट गोळा बसतो आणि कितीही फिरवा, खाली थेंब उतरत नाही. या लॅबमध्ये ती चूक होत नाही. प्रत्येक नमुना तीनदा चालवतात आणि डीएनए तुटलाय का हे दाखवणारा जेलचा फोटो न मागता पाठवतात.

नमुना देताना रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची केशनळी टाळा, हेपरिन पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया) अडवतं, त्याच कामाचं ईडीटीए चालेल. अल्कोहोलात रक्त सोडलं की बाटली लगेच हलवा, नाहीतर गाठ होते. लेबल पेन्सिलनेच लिहा. मार्करची शाई अल्कोहोलात धुऊन गेली की कुठला पक्षी कुठला, देव जाणे. वेंगुर्ल्याच्या खडकांवरचे सुरय असोत की आणखी कुणी, वनखात्याच्या परवानगीची प्रत लॅब आधी मागते. बरोबरच आहे.

आता तो रकाना. एकाच तक्त्यावरून सगळ्या जातींचं वय काढलंय. समुद्रपक्ष्यांत टेलोमेर सर्वांत वेगाने झिजतात ते पिल्लू वाढत असताना. प्रौढपणी वेग मंदावतो. म्हणजे तीच झीज पिल्लात आठवड्यांची, प्रौढात वर्षांची. त्यात ताणाची भर: शॅग पाणकावळ्याच्या पिल्लांना ताणाचं संप्रेरक, कॉर्टिकोस्टेरॉन, दिल्यावर टेलोमेर जास्त आखूड झाले. उलट लीचच्या स्टॉर्म पेट्रेलमध्ये वयाबरोबर ते लांबल्याची नोंद आहे. १९५६ साली कडं घातलेली विस्डम नावाची अल्बट्रॉस २०२४ मध्येही अंडं घालत होती. तिला या तक्त्यात कुठे बसवणार?

दुसरी अडचण पद्धतीची. पक्ष्यांच्या गुणसूत्रांच्या मधल्या भागातही टेलोमेरसारखे तुकडे असतात आणि क्यूपीसीआर, म्हणजे प्रती काढता काढता डीएनए मोजायची लॅबची पद्धत, तेही मोजते. ते आयुष्यभर तेवढेच राहतात, म्हणून एकाच पक्ष्याच्या दोन नमुन्यांतला फरक भरवशाचा. दोन वेगळ्या पक्ष्यांची तुलना मात्र फसवी. पण लॅब नमुने आले त्या क्रमाने प्लेटवर (अनेक नमुने एकदम चालवायच्या तबकडीवर) लावते, त्यामुळे गेल्या वर्षीचा आणि यंदाचा नमुना दोन प्लेटवर जातो आणि प्लेटमधला फरकच झीज म्हणून छापला जातो.

मागणीपत्रकात 'विशेष सूचना' असा रकाना आहे, तिथे स्पष्ट लिहा: एका पक्ष्याचे सगळे नमुने एकाच प्लेटवर, प्रत्येक प्लेटवर तोच संदर्भ नमुना, आणि 'जैविक वय' छापू नये. सांगितलं तर ऐकतात.