टेली-मानस ते जिल्हा रुग्णालय: फोन सोपा, खिडकी अवघड

टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोन हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, भाषा निवडताना मराठीही मिळते. मुलांसाठी पहिलं दार म्हणून सेवा चांगली आहे, पण ते फक्त दार आहे. समुपदेशक ऐकून घेतो, धोका जोखतो आणि गरज वाटली तर तज्ज्ञाशी जोडून देतो किंवा रुग्णालयात पाठवतो. निदानाची अपेक्षा इथे ठेवू नये. आईवडिलांनी फोन केला की ‘अभ्यास करत नाही, मोबाईल सोडत नाही’ यातच वेळ जातो. त्याऐवजी झोप, जेवण, शाळेच्या दांड्या आणि हे कधीपासून बिघडलं ते सांगा. पोर स्वतः बोलायला तयार असेल तर फोन त्याच्या हातात देऊन बाहेर जा. दाराआड उभं राहू नका, त्याला कळतं.

खरी कसोटी जिल्हा रुग्णालयात. केसपेपरच्या खिडकीवर ‘मुलाला दाखवायचंय’ म्हटलंत की बालरोग विभागाचा कागद हातात पडतो आणि दोन तासांनी पुन्हा रांग. ‘मानसोपचार ओपीडी’ असं स्पष्ट सांगा. उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात जायचं असेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कोणत्या वारी येतं ते आधी विचारा. लहान मूल उशिरा बोलतंय, नजर देत नाही, अशी तक्रार असेल तर डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठा. शाळेत किंवा अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकाची संदर्भचिठ्ठी असेल तर सोबत घ्या.

पिशवीत काय न्यावं, हे कुणी सांगत नाही. लसीकरणाचं कार्ड, जन्माच्या वेळचे कागद, मागची दोन प्रगतिपुस्तकं, चालू गोळ्यांची पाकिटं. आणि शाळेच्या वह्या. जूनमधलं पान आणि जानेवारीतलं पान शेजारी ठेवलं की अक्षर कसं ढासळलं हे डॉक्टरांना एका नजरेत दिसतं. अभ्यासातल्या अडचणीसाठी नेत असाल तर डोळे आणि कान आधी तपासून घ्या. नाहीतर चाचणीआधी तिकडेच पाठवतील.

बुद्ध्यांक चाचणी पहिल्या दिवशी होईल असं धरून चालू नका. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची वेगळी तारीख घ्यावी लागते. तारीख घेताना चाचणी मुलाच्या शाळेच्या माध्यमाच्या भाषेत होईल का, हे विचाराच. उपाशी, न झोपलेलं पोर बसवलं तर गुण खाली येतात आणि तोच आकडा पुढे प्रमाणपत्रावर चढतो.

सगळ्यात कमकुवत बाजू म्हणजे एकांत. गर्दीच्या ओपीडीत मुलासमोरच त्याच्या तक्रारी वाचल्या जातात. ‘डॉक्टर, पाच मिनिटं त्याला एकट्याला भेटाल का?’ असं विचारायला लाजू नका. उपचाराची संमती अठराच्या आत पालकांचीच लागते, पण त्याचं बोलणं त्यालाच करू द्या.

मुलाने स्वतःला इजा केली किंवा तसं बोलू लागलं तर ओपीडीचा वार पाहू नका. एकटं सोडू नका, १०८ लावा, थेट अपघात विभागात न्या.

औषधं मोजकीच मिळतात, कधी साठाही संपतो. शेवटची पट्टी उघडायच्या आधी जा, सुट्टी आडवी आली तरी खाडा होणार नाही. आणि पुढची तारीख तोंडी ऐकून निघू नका, केसपेपरवर लिहून घ्या.